बाईंची सुरी आणि निरीक्षकांची वही

निरीक्षकांनी वहीत अकरा सुऱ्या उतरवून घेतल्या होत्या, आणि त्यांतली एकही हातात धरून पाहिलेली नव्हती. पात्याची लांबी, जाडी, लवचीकपणा, पोलादाचा प्रकार, मूठ लाकडी की रबरी, असे रकाने पट्टीने आखले होते. शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. त्यात अजून काही लिहिलेलं नव्हतं, पण शेऱ्याचा रकाना नसलेला तक्ता निरीक्षकांना बिनकपड्याच्या माणसासारखा वाटे.

वजन-मापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. त्याआधीची एकतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या तराजूतली लबाडी पकडत होते. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, मापाच्या बुडाला हळूच दिलेला पोचा, सगळं त्यांच्या बोटांना न बघता कळायचं. ते बाजारात शिरले की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत खोकल्याची साथ पसरायची. आता त्यांना बघून कोणी खोकत नसे, याचं त्यांना जरा वाईट वाटे.

सुरी हवी होती ती त्यांच्या बायकोला. कामावर तिला सगळे बाई म्हणत, आणि निरीक्षकही मनातल्या मनात बाईच म्हणत. बाई गेली सव्वीस वर्षं धक्क्यावरच्या शेडमध्ये मासे साफ करत होत्या. साफ करणं म्हणजे खवलं काढून पोट फाडणं नव्हे. पोट काय, मांजरही फाडतं. बाईंचं काम त्याच्या पुढचं. मधल्या काट्याच्या दोन्ही अंगांचं मांस अखंड सोडवायचं, दोन फाका बाजूला, सांगाडा बाजूला. त्यासाठी डावा तळवा माशावर सपाट ठेवायचा, उजव्या हाताने सुरी आडवी आत सरकवायची, आणि पातं काट्याला घासून चाललंय की मांसात भरकटलंय हे वरच्या तळव्याने ओळखायचं. सुरी चालवतो उजवा हात, पण रस्ता सांगतो डावा.

शेडमध्ये परीक्षेची एकच पद्धत होती. मुकादम फाकांकडे ढुंकूनही बघत नसे. तो सांगाडा शेपटीला धरून उचलायचा, खिडकीशी न्यायचा आणि त्यातून समोरच्या बर्फाच्या कारखान्यावरचं घड्याळ बघायचा. वेळ वाचता आली तर काम चोख. काट्यांवर मांस राहिलं असेल तर घड्याळाच्या जागी नुसता गुलाबी ढग. ज्याच्या सांगाड्यातून सगळ्यात स्वच्छ वेळ दिसे त्याला खिडकीजवळचं टेबल मिळे, आणि गेली अठरा वर्षं ते टेबल बाईंचं होतं.

गेल्या सोमवारी मुकादमाने त्यांचा सांगाडा उचलला, एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला, आणि हळूच म्हणाला, "बाई, वाजले किती ते कळेना हो."

"घड्याळ बंद पडलं असेल."

"दुसऱ्या टेबलाच्या सांगाड्यातून चालू दिसतंय."

दुसऱ्या टेबलावर चिमटी होती. खरं नाव मागे पडलं होतं. बारीक काटे उपटायचा चिमटा कायम तिच्या ओठांत धरलेला असे, म्हणून चिमटी. चिमटीने लगेच खाली बघितलं आणि एक मासा उगाचच दोनदा धुतला.

"सुरी बदला," मुकादम म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "पुढच्या सोमवारी परत बघतो. नाहीच जमलं तर बसा थोडे दिवस नळाकडे. खिडकीत उन्हाचाही त्रास होतो."

नळाकडच्या टेबलावर माशांची डोकी वेगळी करत. थोड्या दिवसांसाठी तिकडे बसलेलं माणूस खिडकीत परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

सुरी बोथट झाली होती, हे खरंच होतं. बाई रोज संध्याकाळी ती दगडावर लावत, आणि रोज सकाळी त्या अंघोळीला गेल्या की निरीक्षक पातं उभं धरून ती कपाच्या बुडावर घासून बोथट करत.

याची सुरुवात तीन महिन्यांपूर्वी कांद्यापासून झाली. बाई घरी कांदा चिरत होत्या. बोलता बोलता डावं बोट कापलं, आणि त्या चिरतच राहिल्या. कांदा लाल झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे काय?"

"रक्त," निरीक्षक म्हणाले.

"कोणाचं?"

त्या 'कोणाचं'ने निरीक्षकांची झोप उडवली. मग त्यांना बाकीचंही दिसू लागलं. बाई गरम पातेलं डाव्या हाताने फडक्याशिवाय उतरवत. ब्लाउजचं खालचं हुक लावताना आरशात बघत. चहाचा कप हातातून सुटून त्याचा कान तुटला, तेव्हा तो सुटल्याचं त्यांना आवाज झाल्यावर समजलं. डॉक्टरचा विषय काढला तर उत्तर तयार असे: "बर्फात हात घालून बघा सव्वीस वर्षं, मग सांगा. सगळ्यांचेच बधिर होतात."

तेव्हा निरीक्षकांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. जी सुरी कापत नाही ती बोटही कापणार नाही. कागदावर या विचारात काही खोट नव्हती. प्रत्यक्षात बाई जास्त जोर लावू लागल्या, सुरी जास्त घसरू लागली, बोटांवरच्या चिकटपट्ट्या होत्या तितक्याच राहिल्या आणि सांगाड्यांवर मांस दिसू लागलं. हे निरीक्षकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण थांबवायचं तर आधी आपण हे करतो आहोत असं निदान स्वतःशी तरी कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा नव्या सुऱ्यांचा अभ्यास सोपा होता.

शनिवारी दुपारी दोघं सुऱ्यांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींवर पाती, आणि मधे दहा बोटं शाबूत असलेला म्हातारा दुकानदार. त्याची जाहिरात म्हणजे ती बोटंच.

"काय ताई, किती वर्षांनी!"

"सुरी हवी."

"आधीची दाखवा." जुनी सुरी बघितल्याशिवाय तो नवी दाखवत नसे. झिजलेली सुरी बघितली की माणसाचा हात कळतो, असं त्याचं म्हणणं.

बाई पिशवीतून सुरी काढेपर्यंत निरीक्षकांनी वही उघडली. "पातं साधारण किती अंशांत वाकावं, याबद्दल दोन मतं दिसतात..."

"साहेब," दुकानदार म्हणाला, "मासा अंशांत पोहत नाही."

"बोलू द्या हो भाऊ त्यांना," बाई म्हणाल्या. "घरी ऐकून घेणारं आहे कोण?"

दुकानदाराने जुनी सुरी उजेडात धरली. मूठ फिरवून पाहिली. "पूर्वी तुम्ही ही पेनासारखी धरायचात. आता कुऱ्हाडीसारखी धरता. बघा, इथे नवीन झीज आहे."

"धार नाही म्हणून जोर लावते."

"ते झालंच." त्याने धारेवरून नख फिरवलं, मग थांबून परत फिरवलं. "पण ताई, ही धार झिजलेली नाही, मारलेली आहे. कोणीतरी पातं उभं धरून कशावर तरी घासलंय. आणि एकदा-दोनदा नाही, अगदी नेमाने."

पात्याच्या मुठीजवळच्या फटीत चिनी मातीची पांढरी भुकटी अडकली होती. ती त्याने दोन बोटांत घेऊन चोळली, क्षणभर निरीक्षकांकडे बघितलं आणि हात पँटला पुसला. निरीक्षक वही इतकी मन लावून वाचत होते की ती उलटी असती तरी त्यांना कळलं नसतं.

"चिमटी!" बाई म्हणाल्या.

त्यापुढे सुरी निवडायचं काम बाईंनी दातओठ खात केलं. पहिली सुरी रुंद आणि ताठ होती. "ही मोठ्या माशाची. छोट्याचा भुगा करेल." दुसरी इतकी पातळ की बोट लावताच वळत होती. "ही हो म्हणणारी. वाट्टेल तिकडे जाईल." तिसरीचं पातं वीतभर, मुठीकडे ताठ आणि टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात लवणारं. मूठ खरखरीत रबराची, ओल्या हातात न फिरणारी. बाईंनी तिचं टोक लाकडावर टेकवून वाकवलं, सोडलं आणि कान जवळ नेला. मग धार डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवली.

"पूर्वी अंगठ्याच्या कातडीवर बघायचात," दुकानदार म्हणाला.

"आता नखावर बघते."

"आणि कानही लावताय."

"वय झालं की सगळ्या अवयवांना कामाला लावावं लागतं, भाऊ."

दुकानदार हसला नाही. त्याने तिसरी सुरी गुंडाळून दिली. "जुनी राहू दे इथे. नवी धार काढून ठेवतो, संध्याकाळी घेऊन जा."

बाहेर पडून बाई उजवीकडे वळल्या. घर डावीकडे होतं.

"इकडे कुठे?"

"चिमटीकडे."

"अगं, पण सुरी तर तू रोज घरी आणतेस."

"जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच असते. मी पाण्याला उठले की हिचा कार्यक्रम सुरू. त्या चिमट्याच्या पाठीवर घासत असणार. अठरा वर्षं डोळा आहे तिचा त्या खिडकीवर! आज तोंडावर विचारते, आणि सोमवारी मुकादमाच्या कानावर घालते."

शेडमध्ये सगळं माफ होतं, दुसऱ्याच्या सुरीला हात लावणं सोडून. ते करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवत आणि पुन्हा आत घेत नसत. एकतीस वर्षांत निरीक्षकांनी असे दुकानदार बघितले होते, जे आपलं खोटं वजन शेजारच्या गल्ल्याखाली सरकवून शांतपणे वर्तमानपत्राचं पान उलटत. त्या लोकांचे चेहरे कसे दिसतात हे त्यांना पाठ होतं. आत्ता आपला चेहरा तसाच दिसत असणार, हे कळायला आरसा नको होता.

बाई भराभर चालत होत्या. चिमटीची इमारत आली. जिना आला. बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ती नाही," निरीक्षक म्हणाले.

"कशावरून?"

"मी."

"तुम्ही काय?"

"मी घासतो. सकाळी. तू अंघोळीला गेलीस की."

बाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला नाही आणि दुसरा वरही उचलला नाही. "कशावर?"

"कपाच्या बुडावर."

"कुठल्या?"

"कान तुटलेल्या."

"तरीच तो फेकू देत नव्हतात!" बाई म्हणाल्या, आणि तिथे पायरीवरच बसल्या. "पण का?"

"बोट कापलं जाईल म्हणून. तुला कळत नाही म्हणून." हे वाक्य तीन महिने तोंडात धरलेलं होतं; बाहेर आल्यावर ते अगदीच लहान दिसलं.

एवढ्यात वरून चिमटी कचऱ्याची पिशवी घेऊन उतरली. आज सुट्टी असूनही तिचे ओठ चिमटा धरल्यासारखेच होते. "अगं बाई! इथे का बसलात? वर चला ना."

"नको गं. यांना जरा चक्कर आली."

बसल्या होत्या बाई, आणि निरीक्षक उभे होते. चिमटीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "पाणी आणू का?"

"पाण्याने यांना काही फरक पडत नाही," बाई म्हणाल्या आणि कठडा धरून उठल्या. मग दोन पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाल्या, "तुझा परवाचा सांगाडा चांगला होता हो." चिमटी पिशवी हातात धरून उभीच राहिली. अठरा वर्षांत अशी गोष्ट तिने ऐकली नव्हती.

अर्धा रस्ता बाई पुढे आणि निरीक्षक दोन पावलं मागे असे चालले. निरीक्षकांनी शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या खाऊन मोकळं होणं त्यांना परवडलं असतं. पण कोपऱ्यावर आल्यावर बाई एकदम थांबल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे माझा हात चांगला आहे!"

निरीक्षकांनी काखेतली वही सावरली.

"अहो, धारच नव्हती सुरीला! मी वेडी आपली रोज हाताच्या नावाने बोटं मोडत बसले होते, वाटलं गेला हात. आणि हा सगळा तुमचा पराक्रम. मेल्याहून मेलं केलंत मला. थांबा, दोन मासे घेते. आत्ताच्या आत्ता बघू."

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी पाट मांडला, मासा ठेवला, डावा तळवा त्यावर सपाट टेकवला. नवी सुरी कल्ल्यामागून आत शिरली. निरीक्षक दारात उभे राहून ऐकत होते. पातं काट्यावरून जाताना कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आवाज येत होता, आणि बाई मान कलती करून त्या आवाजामागे जात होत्या. आवाज मऊ झाला की सुरी खाली वळे, आवाज परत कोरडा होई. माशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एक फाक सुटली. मासा उलटला. दुसरी सुटली. ती सोडवताना सुरी शेपटीजवळ एकदा बाहेर आली आणि परत आत गेली.

बाईंनी सांगाडा डाव्या हाताने शेपटीला धरून खिडकीशी उंच केला. समोर चष्मेवाल्याचं दुकान होतं.

"डोळे तपासून मिळतील," त्यांनी सांगाड्यातून वाचलं. "खाली बारीक अक्षरं आहेत, तीही वाचू? सोमवारी बंद! बघा. बघा या इकडे. ढग आहे का कुठे?"

ढग नव्हता. काट्याकाट्यांमधून संध्याकाळचा उजेड सरळ आत येत होता. आणि शेपटी धरलेल्या अंगठ्यातून एक लाल रेघ निघून मनगटावरून कोपरापर्यंत पोचली होती. बाई हसत होत्या. इतकं मोकळं हसू निरीक्षकांनी तीन महिन्यांत बघितलं नव्हतं, आणि ते आणखी थोडा वेळ बघायला मिळावं म्हणून ते काय वाटेल ते द्यायला तयार होते.

शेडमध्ये टेबलावर माणसाचं रक्त सापडलं तर माशांची अख्खी टोपली फेकून देत.

"हात बघ," ते म्हणाले.

"सांगाडा बघा म्हणते मी."

"सांगाडा राहू दे. हात बघ."

बाईंनी बघितलं. त्यांनी सांगाडा सावकाश पाटावर ठेवला, अगदी बेतानं, जणू तोच दुखावला होता. मग नळ सोडून हात त्याखाली धरला. बराच वेळ धरला.

"हे पाणी गार आहे का कोमट?" त्यांनी विचारलं.

निरीक्षकांनी शेजारी बोट धरलं. "गार."

"बरं."

पाणी गुलाबी झालं, मग स्वच्छ झालं. निरीक्षकांनी चिकटपट्टी लावली. ती ते फार नीट लावत. रकाने आखणारा हात होता.

"लिहून ठेवलं असेल ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "कांद्यापासून?"

निरीक्षकांनी वही दिली. शेवटच्या पानावर तारखा होत्या, सतरा. कांदा, पातेलं, कप, दरवाजाची कडी. पुढे शेऱ्याचा रकाना, पूर्ण कोरा. बाईंनी पान वाचलं आणि वही मिटून बाजूला ठेवली.

"दुकान कधी बंद होतं?"

"सातला."

"जुनी आणायचीच आहे, तर साखळीचा हातमोजा घेऊन या. डाव्या हाताचा."

पोलादी कड्यांचा तो हातमोजा शेडमध्ये फक्त नवी माणसं घालत. बाई त्यांना 'चिलखतवाले' म्हणत, आणि कोणाला मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत.

"पण त्यातून तळव्याला काही कळत नाही, असं तूच..."

"आता काय मोठं कळतंय?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "कानाने येतंय मला. आज आलं ना?"

"आलं. पण डॉक्टर..."

"सोमवारी टेबल. मंगळवारी डॉक्टर. तुम्ही चला बरोबर, तारखा तुम्हीच सांगा." मग त्या म्हणाल्या, "आणि डावा म्हटलंय मी. तुम्ही उजवा आणाल, तुमचं काही सांगता येत नाही."

दुकानदार दिवा लावून बसला होता. जुनी सुरी कागदात गुंडाळून तयार होती.

"साखळीचा हातमोजा द्या," निरीक्षक म्हणाले. "डावा."

"शेडमध्ये नवीन आलंय का कोणी?"

"नाही. जुनंच माणूस आहे."

दुकानदाराने खालच्या खणातून दोन हातमोजे काढले. "माप काय? लहान की मधलं?"

स्वतःचा पंजा समोर धरून निरीक्षकांनी त्याच्याशेजारी बाईंचा हात आठवायचा प्रयत्न केला. कापलेलं बोट आठवलं, चिकटपट्टी आठवली, नळाखालचं मनगट आठवलं. पंजा आठवेना. एकतीस वर्षं गावाची मापं तपासली होती.

"दोन्ही न्या," दुकानदार म्हणाला. "बसेल तो ठेवा, दुसरा परत आणा." त्याने सुरी आणि हातमोजे पिशवीत घातले. निरीक्षक दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "आणि साहेब, तो कप फेकून द्या."

रस्त्यात दिव्याखाली थांबून निरीक्षकांनी मधल्या मापाचा हातमोजा आपल्या डाव्या हातात चढवला. तो जड आणि गार होता. त्यांनी तोच हात पिशवीत घालून कागदातली सुरी चाचपली. मूठ कुठे संपते आणि पातं कुठे सुरू होतं, ते बोटांनी शोधू लागले. तिथे उभं राहून त्यांनी बराच वेळ शोधलं.